गॅरेजवाला गाडी परत देत नाही: पुण्यातल्या वाहनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची जुनी अल्टो क्लचच्या कामाला दिली होती. काम चार दिवसांचं होतं, गाडी घरी आली पाच महिन्यांनी. मध्ये गणपती झाले, दिवाळी झाली. दर आठवड्याला नवं कारण: पार्ट आला नाही, पोरगं गावाला गेलंय, सोमवारी नक्की. शेवटी गाडी मिळाली तेव्हा बॅटरी पूर्ण बसलेली होती आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं. नुकसानभरपाई मागायची म्हटलं तर माझ्या हातात एक कागद नव्हता. सगळं फोनवर आणि तोंडी.

तेव्हापासून मी कायदा वाचायला लागलो. आता ओळखीपाळखीतले लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येतात. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण फौजदारीकडे झुकत असेल तर वकील गाठाच. मला परत परत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गॅरेजला गाडी दिली म्हणजे कायद्याने नेमकं काय झालं?

भारतीय करार कायदा, 1872 मध्ये याला निक्षेप म्हणतात. कलम 148 पासून तो भाग सुरू होतो. अर्थ सरळ आहे: वस्तू तुमची, ताबा तात्पुरता दुसऱ्याचा, आणि ठरलेलं काम झालं की वस्तू परत. गाडी आपली स्वतःची असती तर शहाण्या माणसाने जितकी काळजी घेतली असती तितकी गॅरेजवाल्याने घ्यायची (कलम 151). मुदत संपली किंवा काम झालं की मागायची वाट न बघता परत करायची (कलम 160). त्याच्या चुकीमुळे वेळेत परत केली नाही, तर त्या वेळेपासून गाडीची जी काही खराबी होईल ती त्याच्या माथी (कलम 161). माझी बॅटरी आणि वायरिंग याच कलमात बसत होतं. मला ते माहीत नव्हतं.

बिल भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही, असं तो म्हणू शकतो का?

हो, म्हणू शकतो. बऱ्याच लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण इथूनच सुरुवात करायला हवी. कलम 170 सांगतं की ज्याने वस्तूवर आपली मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातच उदाहरण आहे: जवाहिऱ्याला कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, त्याने पाडला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. गॅरेजवाला त्याच जागी आहे.

पण या हक्काला कुंपण आहे. काम ठरल्याप्रमाणे झालेलं असलं पाहिजे. महिनाभर गाडीला हातच लावला नसेल तर अडवायला आधारच नाही. उधारी आधीच कबूल केली असेल, म्हणजे ‘पैसे महिनाअखेरीला द्या’ असं ठरलं असेल, तरी गाडी अडवता येत नाही. कायद्यात शिंप्याचं उदाहरण देऊन हे स्पष्ट केलं आहे. आणि अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. ‘पंधरा दिवसांत पैसे नाही दिले तर गाडी विकून टाकीन’ ही धमकी ज्यांनी ऐकली आहे त्यांच्यासाठी सांगतो: या कलमाखाली गाडी विकायची मुभा गॅरेजवाल्याला नाही.

एस्टिमेट आठ हजारांचं होतं, बिल एकवीस हजारांचं आलं. मग?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. न विचारता वाढवलेलं काम तुम्हाला अमान्य असेल तर तसं लगेच, त्याच दिवशी, मेसेज करून कळवा. कोणतं काम मान्य, कोणतं नाही, मान्य कामाचे किती होतात, तेही लिहा आणि तेवढी रक्कम देऊ करा.

तरीही तो अडला तर माझा सल्ला असतो की जमत असेल तर पूर्ण पैसे भरा आणि गाडी सोडवा. पण पैसे रोख देऊ नका, यूपीआयने किंवा चेकने द्या, आणि पावतीवर किंवा मेसेजमध्ये लिहा: ‘वाढीव रकमेला माझी हरकत आहे. गाडी अडवल्यामुळे हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे.’ मग वाढीव पैशासाठी ग्राहक आयोगात जा. गाडीचा ताबा हा एक वाद आणि बिल हा दुसरा. दोन्ही एकत्र गुंतवले की गाडी पावसात सडते आणि बिल तसंच राहतं. तेरा हजारांसाठी आठ महिने रिक्षाने ऑफिसला गेलेले गृहस्थ मी पाहिले आहेत.

माझ्या भावाच्या गाडीचं जुनं बिल बाकी आहे म्हणून माझी स्कूटर अडवली आहे.

चालत नाही. कलम 170 चा हक्क त्याच वस्तूवर, त्याच कामापुरता. जुन्या सगळ्या थकबाकीसाठी वस्तू अडवायचा व्यापक हक्क कलम 171 मध्ये बँका, अडते वगैरे मोजक्यांना आहे. गॅरेजवाला त्यात येत नाही, तसा लेखी करार केला असेल तर गोष्ट वेगळी.

‘रोजचं दोनशे रुपये पार्किंग भाडं लागेल’ म्हणतोय.

आधी ठरलं होतं का? जॉब कार्डवर छापलेलं होतं आणि तुम्ही सही केलीत का? नसेल तर नकार द्या. कलम 170 मेहनतीच्या आणि कसबाच्या मोबदल्याबद्दल आहे, जागेच्या भाड्याबद्दल नाही. मात्र गाडी तयार आहे असं कळवल्यावर तुम्हीच दोन महिने फिरकला नसाल तर खर्चाची मागणी अगदीच गैर म्हणता येणार नाही.

परत द्यायची तारीखच ठरली नव्हती.

तरी अनंत काळ गाडी ठेवता येत नाही. कलम 46 प्रमाणे मुदत ठरली नसेल तर काम वाजवी वेळेत व्हायला हवं, आणि वाजवी म्हणजे किती हे परिस्थितीवर ठरतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवर एकता नगरीत पाणी शिरलं. पाण्यात बुडालेली गाडी पूर्ण खोलून सुकवायची, वायरिंग तपासायचं, तर दोन महिने लागणं समजू शकतो. ब्रेक लायनर बदलायला दोन महिने नाही. ‘पार्ट मिळत नाही’ म्हणत असेल तर पार्टचं नाव आणि ऑर्डर दिल्याचा पुरावा मागा. गाडी साधी असेल तर नाना पेठेत एक चक्कर मारा. पार्ट तिथे मिळाला तर दुकानदाराकडून कोटेशन घेऊन ठेवा. कारण खोटं असल्याचा तो चांगला कागद होतो.

पहिलं पाऊल काय?

लेखी मागणी. पुढचा प्रत्येक मार्ग, पोलीस असो, आयोग असो की कोर्ट, एकच गोष्ट विचारतो: तुम्ही गाडी कधी मागितली आणि त्याने काय उत्तर दिलं? ‘रोज फोन करत होतो’ हे उत्तर कुणालाच पुरत नाही. पत्र साधं असू द्या. मी लिहून देतो ते साधारण असं:

‘दिनांक … रोजी माझी गाडी क्रमांक एमएच 12 … क्लच प्लेट बदलण्यासाठी आपल्या गॅरेजमध्ये दिली. त्या वेळी मीटरवर … किलोमीटर होते. आपण दिनांक … पर्यंत गाडी देण्याचं कबूल केलं होतं. मी दिनांक … व … रोजी गाडी मागितली, ती मिळाली नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत गाडी आहे त्या स्थितीत, काढलेल्या सर्व पार्टसह, परत द्यावी. झालेल्या कामाचं तपशीलवार बिल द्यावं. कामाची ठरलेली रक्कम गाडी घेतेवेळी देण्यास मी तयार आहे. आजपासून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आपली राहील.’

‘देण्यास मी तयार आहे’ हे वाक्य गाळू नका. ते नसलं तर समोरचा म्हणणार की पैसे बुडवायचे होते म्हणून गाडी ठेवली.

पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि पोस्टानेही. लोक अजून ‘रजिस्टर एडी’ म्हणतात, पण 2025 मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली. तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट आणि सोबत पोचपावती असं मागा. त्याने पाकीट घेतलं नाही आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका, बंदच ठेवा. तो शेरा तुमच्या कामाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना फोन सांभाळा. कोर्टात चॅट दाखवायची तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दुसरी चावी माझ्याकडे आहे. रात्री जाऊन गाडी काढून आणली तर?

नका करू. आपलीच गाडी असली तरी ती चोरी ठरू शकते, आणि हे मी घाबरवायला सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली घड्याळाचं उदाहरण दिलेलं आहे, जुन्या दंड संहितेतही ते होतं. घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, दुकानदाराने कायदेशीरपणे ते तारण म्हणून ठेवलं आहे, आणि मालकाने ते तारण बुडवायच्या हेतूने उचललं, तर मालक चोर. काहीही देणं नसताना हिसकावून आणलं तर चोरी नाही, पण अतिक्रमण आणि हमला होऊ शकतो. चार मित्र घेऊन जायचा बेत असेल तर तोही सोडा. ज्या दिवशी तुमच्यावर तक्रार होते त्या दिवशी तुमच्या तक्रारीचं वजन निम्मं होतं.

पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला आहे. खरं आहे का?

निम्म्या वेळा खरं असतं. बिलावरून वाद आहे, गाडी गॅरेजमध्ये डोळ्यांसमोर उभी आहे, तर पोलीस फार काही करू शकत नाहीत.

पण गाडी जागेवर नाही, कुठे आहे ते सांगत नाही, इंजिन किंवा चाकं काढून दुसऱ्या गाडीला लावली, गाडी भाड्याने फिरवली, गहाण टाकली किंवा विकली, तर तो फौजदारी विश्वासघात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 316. साधी शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र. पैसे उकळायचाच हेतू सुरुवातीपासून होता असं दिसत असेल तर कलम 318, फसवणूक. अर्ज लिहिताना ‘गाडी देत नाही’ एवढंच लिहू नका. विश्वासाने ताबा दिला, मागणी केली, नकार मिळाला आणि त्याने गाडीचं अमुक केलं, या क्रमाने लिहा.

हद्दीचा घोळ पुण्यात फार होतो. 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे. वाकड, हिंजवडी, भोसरीतलं गॅरेज त्यांच्याकडे येतं, राहायला तुम्ही कोथरूडला असलात तरी. जिल्ह्याच्या बाकी भागात ग्रामीण पोलीस. तरीही हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो वर्ग करता येतो. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणून एक-दोन आठवडे थांबायला सांगितलं तर ते नियमबाह्य नाही. त्यानंतरही नोंद झाली नाही तर अर्ज पोलीस उपायुक्तांकडे (ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांकडे), आणि तिथेही काही हललं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलमं 173(4) आणि 175(3). अर्जाच्या आपल्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

पोलिसांनी गाडी जप्त केली तर ती ठाण्याच्या आवारात गंजत पडेल ही भीती योग्य आहे. ताबडतोब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी मिळावी असा अर्ज करा. 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, फोटो-पंचनामा करून बंधपत्रावर सोडावीत.

गॅरेजला कुलूप, फोन बंद.

इथे पत्राची सात दिवसांची वाट बघू नका, त्याच दिवशी पोलीस ठाणं. बंद शटरचा तारखेसह फोटो घ्या, शेजारच्या दुकानदाराला आणि जागामालकाला विचारा. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. आरटीओलाही कळवा, म्हणजे बनावट सह्यांवर गाडी दुसऱ्याच्या नावावर चढवायचा प्रयत्न झाला तर तुमचा अर्ज आधीच तिथे असेल. एमएच 12 चं कार्यालय संगम पुलाजवळ आहे.

गाडी गॅरेजमध्ये, आणि मला फास्टॅगचा मेसेज आला खेड-शिवापूर टोल नाक्याचा.

त्या मेसेजचा स्क्रीनशॉट लगेच काढा. सोन्यासारखा पुरावा आहे. दुरुस्तीला दिलेली गाडी स्वतःच्या कामाला वापरली तर करार कायद्याच्या कलम 154 प्रमाणे त्या वापरात झालेल्या नुकसानीची भरपाई त्याने द्यायची, आणि वापर बेइमानीचा असेल तर वरचं कलम 316 आहेच. ई-चलानही तपासा; चलानवरचा फोटो, वेळ आणि जागा यांना ‘ट्रायल मारत होतो’ हे उत्तर पुरत नाही. जवळपासची ट्रायल वेगळी, सातारा रस्त्याला टोल ओलांडून केलेली वेगळी. गाडी देताना मीटरचा फोटो काढायचा तो याचसाठी.

ग्राहक आयोगात जायचं तर काय लागतं?

माझ्या मते सामान्य माणसासाठी हाच सगळ्यात सोयीचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019. तक्रार जिल्हा आयोगात. तुम्ही पुण्यात राहत असाल किंवा नोकरी करत असाल तर गॅरेज साताऱ्याचं असलं तरी तक्रार पुण्यात करता येते (कलम 34). वकील सक्तीचा नाही. ऑनलाइनही दाखल करता येते.

इथे लोक एक चूक करतात: गाडीची किंमत धरून फी मोजतात. सेवेसाठी दिलेला मोबदला धरायचा असतो. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे गॅरेजच्या जवळपास सगळ्या तक्रारी फुकट दाखल होतात. मुदत दोन वर्षांची.

मागणीत काय लिहायचं: गाडी परत, किंवा तिची किंमत, खराबीचा खर्च, या काळात झालेला प्रवासखर्च (रिक्षा-कॅबच्या पावत्या जपा), मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. सोबत अंतरिम अर्ज नक्की जोडा. कलम 38(8) प्रमाणे निकालाआधीच गाडी परत देण्याचा, किंवा निदान ती विकू-हलवू नये असा आदेश आयोग देऊ शकतो. वादातली रक्कम आयोगात जमा करायची तयारी दाखवली तर असा आदेश मिळायला सोपं जातं.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचं म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणूनच अंतरिम अर्जाचा माझा आग्रह. निकाल पाळला नाही तर कलम 72 प्रमाणे एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25 हजार दंड, किंवा दोन्ही. दाखल करण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा; कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी वाद असेल तर त्यानेच बऱ्याचदा काम होतं. गल्लीतल्या मिस्त्रीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

माझी रिक्षा आहे. धंद्याची गाडी ग्राहक कायद्यात येत नाही असं सांगितलं.

चुकीचं सांगितलं. व्यापारी हेतूला कायदा लागू नाही, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी केलेला वापर व्यापारी मानला जात नाही. एक रिक्षा स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. बुडालेली रोजची कमाई मागा, आधीच्या महिन्यांचा हिशोब जोडा. पंधरा टेम्पो आणि पगारी ड्रायव्हर असतील तर मात्र अडचण येईल. तिथे दिवाणी कोर्ट.

दिवाणी दावा कधी?

गाडी दुर्मीळ किंवा महागडी असेल, किंवा तुम्ही ‘ग्राहक’ होत नसाल तेव्हा. विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 ची कलमं 7 आणि 8 जंगम वस्तू परत मिळवण्याची आहेत. गाडी हलवू नये म्हणून मनाई हुकूम मागता येतो. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि मागणीनंतर नकार मिळालेली तारीख इथेही लागते. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, फोन 15100. छोट्या वादात दावा न लावताच लोकअदालतीत अर्ज देता येतो. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की, आणि तिच्यावर अपील नाही.

‘विमा कंपनीने पैसे दिले नाहीत’ म्हणून सर्व्हिस सेंटर गाडी देत नाही.

दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. विमा कंपनीने 30 दिवसांत समाधान केलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात न. चिं. केळकर रस्त्यावर नारायण पेठेत कार्यालय आहे, फी नाही.

या काळात कर्जाचे हप्ते, विमा?

हप्ते थांबवू नका, बँकेचा या भांडणाशी संबंध नाही. विम्याचं नूतनीकरण चुकवू नका. गाडी तुमच्याकडे नसली तरी रस्त्यावर अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून नोटीस तुमच्याच घरी येते.

भिंतीवर पाटी होती: ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर.’

पाटीने हलगर्जीपणा धुऊन निघत नाही. 2019 मध्ये हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा सूचनेआड लपून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टाळता येत नाही, आणि काळजी घेतली होती हे ताबा घेणाऱ्यानेच दाखवायचं. गॅरेजलाही तोच युक्तिवाद लागू करता येतो.

गाडी द्यायला तयार झाला, पण खोललेल्या अवस्थेत. घेऊ का?

घ्या. टोइंग बोलवा, आणि सोबत दुसऱ्या गॅरेजचा जाणता मिस्त्री न्या. जमल्यास दिवसा जा. काढलेले पार्ट जमिनीवर मांडायला सांगा आणि एकेकाचा फोटो घ्या: हेड, पिस्टन, गिअरबॉक्स, डब्यातले नट-बोल्ट. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. बॅटरीचं बिल असेल तर अनुक्रमांक पाहा, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा चार आकडी क्रमांक पाहा, स्टेपनी, जॅक, टूल किट, म्युझिक सिस्टिम मोजा. काय आहे आणि काय नाही याची यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या घ्या.

तो एक कागद पुढे करेल: ‘गाडी सुस्थितीत मिळाली, काही तक्रार नाही.’ त्यावर तशी सही करू नका. खाली आपल्या हाताने लिहा: ‘गाडी फक्त ताब्यात घेतली. तपासणी बाकी. हक्क राखून.’ आणि मग सही. असं लिहू देत नसेल तर सही न करता व्हिडिओ चालू ठेवा आणि टोइंगवाल्याला गाडी चढवायला सांगा.